टाकीतल्या गोगलगायीला भाजी

गोगलगाय दिसली की आपला हात मिठाकडे जातो. पण मुलांनी माशांच्या काचेच्या टाकीत हौसेने पाळलेली पाणगोगलगाय नुसत्या शेवाळावर ठेवू नये. दुधी, दोडका किंवा काकडीची पातळ चकती, नाहीतर पालकाचे पान दोन-तीन मिनिटे उकळावे. मीठ अजिबात नको. गार झाल्यावर टाकीत सोडावे. मऊ भाजी तिला खरवडून खाता येते. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढावा, नाहीतर तो कुजून पाणी नासते आणि मासेही दगावतात.

फवारलेल्या शेतातली भाजी मात्र घालू नका, बोर्डो मिश्रण मारलेली तर नकोच. मोरचुदातले तांबे गोगलगायीला विष आहे आणि धुतल्यावरही भरवसा नाही. परसातला बिनफवारणीचा वेल बरा. (आपल्या ताटातल्या भाजीची एवढी चौकशी आपण करतो का?)

शंख ठिसूळ दिसला तर अंड्याचे कवच धुऊन, कुटून टाकावे. त्यातून तिला चुना मिळतो.

पिल्ले फार झाली तरी ती विहिरीत, पाटात सोडू नका. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी पाणगोगलगाय १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून फिलिपीन्समध्ये आणली गेली. ती भातखाचरांत शिरली आणि कोवळी रोपे फस्त करू लागली.