मोठं मशीन, मोठा हप्ता

"मामा, आता एकदाच काय ते मोठं लेथ घेऊन टाकतो. हप्ते बसले तर बसू देत." परवा भाच्याने चहा यायच्या आत जाहीर करून टाकलं. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या, मी सोडून. म्हणून आजचं हे लिखाण. त्याच्यासाठी, आणि त्याला "घे रे, घे" म्हणणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठीही.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पडलेल्या आंब्याच्या लाकडावर आम्हा दोघांचा श्रीगणेशा झाला. भुईगावच्या घराच्या पडवीत साधं, स्वस्तातलं लेथ. त्यावर लाटणी झाली, भोवरे झाले, पटाशीच्या मुठी झाल्या. मग साहेबांना वाडगे हवेसे वाटू लागले. गेल्या पावसाळ्यात ओल्या आंब्याचा बारा इंची ठोकळा लावला, बटण दाबलं, मशीन थरथरलं आणि ठोकळा सुटून त्याच्या कानाजवळून पडवीच्या पत्र्यावर आदळला. तो म्हणाला, मशीन लहान पडलं. मी म्हणतो, आपली अक्कल लहान पडली.

हिशेब साधा आहे. लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांच्या वेगाने गुणा. उत्तर सहा ते नऊ हजारांच्या मध्ये असावं, असा कातकाम करणाऱ्यांचा जुना आडाखा आहे. म्हणजे बारा इंचाला मिनिटाला 500 ते 750 फेरे. ओबडधोबड, ओल्या ठोकळ्याला त्याहूनही कमी. आमच्या मशीनचा सगळ्यात कमी वेग 850! बेडवर बारा इंच बसतं म्हणून बारा इंच कातावं, असं कुठे लिहिलंय?

म्हणजे कमी काय पडतंय, तर खालचा वेग. त्यासाठी अख्खं मशीन कशाला बदलायचं? जुन्या बाजारातून एक हॉर्सपॉवरची, 1440 फेऱ्यांची थ्री फेज मोटर घ्या आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी. नेमप्लेट बघून जोडणी स्टारची डेल्टा करायची, तीही जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसकट. पट्टा सगळ्यात हळू पुलीवरच ठेवायचा, नाहीतर वेग उतरवल्यावर जोर कमी पडतो आणि मोटर तापते.

पण त्याच्याही आधी ग्राइंडर! बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते. मग आपण जोर लावतो, ती अडकते आणि शिव्या मशीनला. पांढऱ्या दगडाचा ग्राइंडर, दर वेळी धारेचा कोन तोच ठेवणारा साधा जिग आणि हायस्पीड स्टीलची एक चांगली गोल पटाशी, एवढं आधी. मग चार जबड्यांचा चक, पण स्पिंडलचे आटे मोजूनच. मशीनच्या स्टँडवर वाळूची पोती ठेवा, थरथर कमी होते. वाळूला तरी हप्ते नाहीत ना?

सावंतवाडीचे चितारी घ्या. लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची. यातलं हप्त्यावर काय मिळतं? हात मिळत नाही, धार मिळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा कंजूस. दोन्ही बाजूंना टोकं लावा आणि टेलस्टॉक पुढे सरकवा. टोकाला टोक भिडत नसेल आणि पत्र्याच्या चकत्या घालूनही जुळत नसेल, तर त्या मशीनवर एक रुपयाही घालू नका, खुशाल दुसरं घ्या. रोज मोठे वाडगे करून विकायचे असतील तरीही घ्या. आमचं टोक भिडतं. आणि भाच्याने आजवर विकलंय काय? दोन लाटणी, तीही आत्याला.

तर बाळा, हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एक रविवार दे. मोटर मी शोधून ठेवलीय. पहिला वाडगा आठ इंचीच करू. तोंडावर फेसशील्ड लावून, आणि बटण दाबताना दोघंही बाजूला उभे राहून. तुझा कान मला त्या वाडग्यापेक्षा महाग आहे.