माईकची शिट्टी आणि कामगाराचे कान



गेल्या पोंगलला तंजावरला गेलो होतो. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी 1803 साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख पाहावा, एवढाच हेतू. तिथला एक निवृत्त रेल्वे साथी मला कावेरीकाठच्या आपल्या गावी घेऊन गेला. संध्याकाळी देवळापुढे कार्यक्रम होता. नारळाच्या झाडांना कर्णे बांधलेले आणि माईक नेमका त्यांच्या तोंडासमोर. नादस्वरमवाला फुंकणार तोच अशी शिट्टी निघाली की बायांनी कडेवरच्या पोरांचे कान दाबले. माझ्या छातीत धडधडले, आणि डावा कान रात्रभर वाजत राहिला.

नादस्वरम हे मुळात उघड्या मैदानाचे वाद्य. त्याच जिल्ह्यात नरसिंगमपेट्टई गावी ते घडवतात. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याला माईक लागतो कशाला, असे मी विचारले. साथी म्हणाला, "तुमच्या द्वारसभेत तरी कशाला लागतो?" मी गप्प बसलो.

शिट्टीचे कारण साधे आहे. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, अँप्लिफायर तो वाढवतो, वाढलेला आवाज पुन्हा माईकमध्ये जातो. क्षणात यंत्राची सारी ताकद एका सुरात एकवटते. तो सूर पुष्कळदा दोन ते चार हजार हर्ट्झचा, म्हणजे आपला कान जिथे सर्वांत तिखट तिथलाच. कानातला इवलासा स्नायू आखडून मोठा आवाज अडवू पाहतो. पण तो उशिरा जागा होतो आणि उंच सुराला फारसा अडवीतही नाही. मार बसतो आतल्या केसपेशींना. एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

एका शिट्टीने माणूस सहसा बहिरा होत नाही, हे खरे. पण सभेला येतो कोण? दिवसभर डिझेल शेडमध्ये राबलेला फिटर, एके काळी रात्रभर गाडीच्या खडखडाटात टपाल वाटलेला आर.एम.एस.चा जुना सॉर्टर. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने 85 डेसिबलमध्ये आठ तास, 100 मध्ये पाव तास, 109 मध्ये दोन मिनिटेही नाहीत. कर्ण्याच्या तोंडाशी आवाज 110 सहज ओलांडतो. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कामाचा रोग म्हणून फॅक्टरी कायद्याच्या यादीत गेला, तो कामगारांच्या कानांची किंमत देऊन. प्रशासनाकडे कानाची बोंडे मागायची आणि आपल्याच व्यासपीठावरून कान फोडायचे, हे कसे चालेल?

आवाज दणदणीत नसेल तर सभा पडते, असे आमचे काही पुढारी म्हणतात. मला ते पटत नाही. शिट्टी वाजली की पहिल्या रांगा उठतात, हे मी पाहिले आहे.

आमच्या शाखेने लाऊडस्पीकरवाल्याला लेखी दिले आहे: कर्णे माईकच्या पुढे आणि तोंड श्रोत्यांकडे, लोक जमण्याआधी तपासणी. वक्त्यांना तोंडी सांगितले आहे: माईक तोंडाजवळ धरा, त्याची जाळी मुठीत दाबू नका, शिट्टी आली तर आधी आवाज कमी करा. पुढच्या द्वारसभेपासून हे सुरू होईल.