बर्ड फ्लू : पहिला फोन वेळेवर यायला हवा

२००६ च्या सुरुवातीला नवापूर (जि. नंदुरबार) येथील पोल्ट्री फार्मवर कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. नेहमीची राणीखेत असावी, असाच अनेकांचा समज होता. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालानुसार जाहीर झाले : एच५एन१. भारतातील बर्ड फ्लूची ही पहिली नोंद.

गफलत समजण्यासारखी आहे. धाप लागणे, अंडी घटणे, अचानक मरतूक ही लक्षणे दोन्ही रोगांत दिसतात; नुसते पाहून निदान होत नाही. कोंबडीच्या घशातील व विष्ठामार्गातील स्वॅब घेऊन, कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते. चाचणी काही तासांत होते. खरा उशीर होतो तो शंका कळवण्यात.

सरकारी भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवण्यातच पोल्ट्रीवाल्याचा फायदा. तरीही बातमी फुटली की भाव कोसळणार, शेजाऱ्यांच्याही कोंबड्या माराव्या लागणार, या धास्तीने तो थांबतो. तोवर विषाणू पुढच्या शेडमध्ये, क्वचित माणसातही पोहोचतो.

ही धास्ती कमी करणे आपल्याही हाती आहे. ७० अंश सेल्सिअसला नीट शिजलेल्या चिकन-अंड्यांत हा विषाणू टिकत नाही. तेव्हा अफवेवर बाजार पाडू नये. आणि आम्हा डॉक्टरांनी ताप-खोकल्याच्या रुग्णाला एक प्रश्न जरूर विचारावा : कोंबड्यांत काम करता का?