गरोदरपणातील मधुमेह आणि बाईचा अर्धा तास

पडद्यासमोर उभे राहून, हातपाय हलवून खेळावयाचे व्हिडिओ-गेम गरोदरपणातील मधुमेहावर उपयोगी पडतील, असा विचार पाश्चात्त्य देशांत मांडला जातो. आपले काही कार्यकर्ते हे ऐकून हसतील. हसण्याचे कारण नाही. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो. मग ते काम पडद्यासमोरचे असो की बांधावरचे. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांमागे शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे येथे येऊन भाड्याच्या एका खोलीत दिवस काढणारी परगावची गरोदर बाई घ्या. बाहेर ओळख नाही, रस्त्यावर अवजड वाहने. तिच्यासाठी घरातला खेळ ही चैन नव्हे. चैन आहे ती त्या यंत्राची किंमत!

परंतु त्याच गावात कांदा काढणीला जाणारी दुसरी गरोदर बाई आहे. तिलाही ‘व्यायाम करा’ म्हणावयाचे काय? ज्या के. ई. एम. रुग्णालयाची ग्रामीण शाखा आपल्या वढू बुद्रुकला आहे, त्याने 1993 पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे 42 किलो, बाळांचे 2.7 किलो. शेतीची व घरची जड कामे अधिक, तेथे बाळे आणखी लहान, असे त्यात आढळले. म्हणजे एकीला हालचाल हवी, दुसरीला विसावा. 2017 साली प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, ती पगारदार बाईची. शेतमजूर बाईच्या पदरात त्यातले काही पडले नाही.

कोणतीला काय हवे, हे तपासणीवाचून कळत नाही. सरकारी मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजावी, उपाशीपोटी येण्याची अट नाही. 140 मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास आधी दोन आठवडे आहार व व्यायाम, न उतरल्यास औषध किंवा इन्सुलिन. सूचना स्वस्त आहे, पण तिच्यात एक खर्च कोणी धरलेला नाही. (अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही बाईचा वेळ फुकटच धरतात.) ते दोन तास थांबले की रोज बुडतो; जेवणानंतर अर्धा तास चालावयाचे तर भांडी कोणी घासावयाची?

म्हणून ग्रामसभेत यंत्राची नव्हे, तर उपकेंद्रात ग्लुकोजचा नियमित पुरवठा आणि तपासणीच्या दिवसाची बुडीत मजुरी यांची मागणी आपण आधी करावी. अर्ध्या तासाचा प्रश्न मात्र ग्रामसभेत सुटणारा नाही; तो कार्यकर्त्यांच्या घरांतून सुरू व्हावयाचा आहे.