रंगपेटी माळ्यावर टाकू नका

प्रगतिपुस्तक आलं, मराठी आणि इंग्रजीत मूल कसंबसं काठावर, की अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो असा: रंगपेटी माळ्यावर, चित्रकलेचा क्लास बंद आणि त्या वेळात आणखी एक ट्यूशन. मुलाला डिस्लेक्सिया असेल तर हा निर्णय नुसता चुकीचा नाही, माझ्या मते तो क्रूर आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे आळस नव्हे, मंदबुद्धी तर नव्हेच. अडतं ते अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी झटपट जुळवताना. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतो, काना-वेलांटी सुटते, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. तेच तोंडी विचारा, घडाघडा सांगेल. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. सव्वाशे वर्षं उलटली, आपण अजून अशा मुलाला ‘ढ’ म्हणतो!

जरा विचार करा. या मुलाला रोज पाच-सहा तास, सगळ्यांसमोर, जे जमत नाही तेच करायला लावलं जातं. घरी आल्यावर पुन्हा तेच. मग दर सोमवारी सकाळी पोटात दुखू लागतं, रविवारी मात्र काही नसतं. सोनोग्राफी नॉर्मल येते. दुखणं खोटं नसतं, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं.

अमेरिकन चित्रकार चक क्लोज (१९४०–२०२१) यांना डिस्लेक्सिया होता, शिवाय चेहरेही ओळखता येत नसत. अभ्यासात आपल्याला रस आहे हे उत्तरपत्रिकेतून दाखवता येईना, म्हणून शाळेत त्यांनी लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचा लांबलचक सचित्र नकाशाच काढून दिला. पुढे ते प्रसिद्ध झाले माणसांच्या भव्य चेहऱ्यांसाठी! फोटोवर चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट रंगवत जायचं. न झेपणाऱ्या कामाचे छोटे तुकडे करायची ही सवय आपल्या अडचणीतूनच आली, असं ते सांगत.

आता दुसरी बाजू. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि डिस्लेक्सिया म्हणजे दैवी देणगी, असं मूल म्हणजे जन्मजात कलावंत, अशी समजूत पसरली. तसं काही नाही. अनेकांची चित्रं साधारणच असतात, आणि असू द्यावीत. चित्र काढून वाचन सुधारत नाही. त्यासाठी प्रशिक्षित शिक्षकाकडून अक्षर-ध्वनी टप्प्याटप्प्याने, नियमित शिकावे लागतात. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीची टॉनिकं यांवरचा खर्च वाया जातो. पण ही शिकवणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. ‘मला काहीच येत नाही’ अशी खात्री पटलेलं मूल तिथे बसेल कशाच्या जोरावर? कागदावर स्वतःच्या हातानं काही उभं राहिलेलं त्याला रोज दिसायला हवं, मग ते चित्र असो, मातीचा बैल असो की दिवाळीचा किल्ला. ‘दोन पानं वाच, मग रंग देईन’ ही अटही नको. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांना पालकांनी एकदा तरी जाब विचारावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते टाळणारे पालक मुलाचा हक्क बुडवतात. आणि त्यासाठी दहावीचा फॉर्म भरायची वाट पाहू नका. तपासण्यांना चार फेऱ्या होतात. तिसरी-चौथीत शंका आली की तेव्हाच बालरोगतज्ज्ञांना भेटा, आणि मुलाची चित्रंही सोबत घेऊन जा.