लक्ष्मीपूजन कोणत्या तारखेला?

दसरा झाला की मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. कोणी घरातल्या कालनिर्णयाचा फोटो टाकतो, कोणी इथल्या देवळाचं वेळापत्रक, आणि दोन्हींत लक्ष्मीपूजनाची तारीख एक दिवसाने वेगळी निघते. शेवटी कोणीतरी वडीलकीच्या सुरात म्हणतं, "आपण आपलं भारताप्रमाणेच करू. इथलं म्हणजे शेवटी तडजोडच." बहुतेकांना ते पटतं आणि विषय संपतो.

मला ते पटत नाही. इथली तारीख ही तडजोड नाही. पंचांगाचा नियम पाळायचा असेल, तर अमेरिकेत राहणाऱ्याने अमेरिकेतलीच तारीख धरायला हवी. का, ते समजून घ्यायला थोडंसं खगोलशास्त्र पुरतं.

तिथी म्हणजे काय? पृथ्वीवरून पाहताना चंद्र आणि सूर्य यांच्यात जो कोन असतो, त्याचं ते माप आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून महिन्याच्या ३० तिथी. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याचा वेग कमीजास्त होतो, म्हणून एखादी तिथी १९ तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. तिथी रात्री बाराच्या ठोक्याला बदलत नाही ती याचमुळे. दुपारी, पहाटे, केव्हाही बदलते.

आता महत्त्वाचा मुद्दा. अमावास्या संपते तो क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. त्या क्षणी मुंबईच्या घड्याळात संध्याकाळ असते आणि न्यू जर्सीच्या घड्याळात सकाळ, एवढंच. सण मात्र त्या क्षणावर ठरत नाही. त्या त्या गावी सूर्य उगवताना किंवा मावळताना कोणती तिथी चालू आहे, यावर तो ठरतो. लक्ष्मीपूजनासाठी सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ पाहतात. म्हणजे नियमातच 'तुमच्या गावचा सूर्यास्त' गृहीत धरलेला आहे.

२०२४ सालचं उदाहरण घ्या. अमावास्या भारतात ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ वाजता सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१७ वाजता संपली. मुंबईत १ तारखेच्या सूर्यास्तानंतर ती जेमतेम दहा-बारा मिनिटं उरली होती. म्हणून भारतातही ३१ की १ यावर बरीच चर्चा झाली आणि महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर धरली. हीच अमावास्या न्यूयॉर्कच्या घड्याळात ३१ ऑक्टोबरला सकाळी ६:२२ ते १ नोव्हेंबरला सकाळी ८:४७ अशी होती. इथे ३१ तारखेची संपूर्ण संध्याकाळ अमावास्येची होती. ज्यांनी 'भारताप्रमाणे' १ तारखेला संध्याकाळी पूजा मांडली, त्यांनी ती अमावास्या संपून नऊ तास झाल्यावर, प्रतिपदेला मांडली. २०२५ मध्येही तसंच झालं: महाराष्ट्रात २१ ऑक्टोबर, इथे २०.

संकष्टीचंही तेच. कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथल्या आकाशाला लागू पडत नाही, हे आपण सगळे जाणतो आणि उपवास सोडायला इथलाच चंद्र पाहतो. मग तिथीलाच वेगळा न्याय का? कधी कधी तर वारही बदलतो. भारतातली अंगारकी इथे सोमवारी येऊ शकते!

यावरचा एक आक्षेप मला मनापासून समजतो. आई-बाबा पुण्यात दिवे लावतात, त्याच दिवशी आपणही लावावेत, व्हिडिओ कॉलवर एकमेकांना दिसावेत, असं वाटतं. जरूर करावं. दिवे चार दिवस लावायचेच असतात. मंडळाचा कार्यक्रमही खुशाल सोयीच्या शनिवारी असू दे, हॉल मिळतो तेव्हाच दिवाळी, हे वास्तव आहे. पण सोयीला सोय म्हणावं आणि मायेला माया. 'खरी तारीख भारतातली, आपली दुय्यम' असं मुलांना सांगू नये. कारण मुलं त्यातून वेगळंच शिकतात: आपले सण म्हणजे दूरच्या कुठल्यातरी ठिकाणाहून येणारी सूचना, जिच्यामागचं कारण घरात कोणालाच ठाऊक नाही. इथे वाढलेली मुलं 'का?' विचारतात. उत्तर मिळालं नाही की वाद घालत नाहीत, हळूहळू विचारणंच सोडतात. मला भीती वाटते ती याची.

खरं तर उत्तर देण्याची परंपरा आपलीच आहे. पंचांगातलं गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलं पाहिजे, यासाठी केरोपंत छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक यांनी आग्रह धरला. छापलेल्या पानापेक्षा आकाश त्यांना अधिक प्रमाण वाटत होतं. आपण समुद्रापार आल्यावर पानालाच चिकटून राहायचं, हे त्या परंपरेला शोभत नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या वर्षीच्या पत्रकात आपल्या शहराच्या सूर्यास्ताप्रमाणे काढलेल्या सणांच्या तारखा छापा, आणि खाली दोन ओळींत कारणही द्या, मराठीत आणि इंग्रजीत. स्थानिक पंचांग आता फोनवरही मिळतं. शहराचं नाव तेवढं बरोबर निवडायचं.

आणि तुमच्या घरी मुलं असतील तर हे करून पाहा. दिवाळीनंतर चार-पाच दिवसांनी, अंधार पडल्यावर, मुलांना घेऊन अंगणात जा. हात लांब करून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात, अंगठ्याने साधारण दोन. चंद्रकोर कुठल्या झाडाच्या किंवा छपराच्या वर आहे ते लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून पाहा. चंद्र सुमारे एक मूठ आणि एक अंगठा पूर्वेकडे सरकलेला दिसेल. मुलांना सांगा, ही एक तिथी. ती पाहायला भारतात जावं लागत नाही.