पाणी नितळ, पण टाकी तयार नाही!

आज माझीच एक चूक सांगते. खाऱ्या पाण्याची नवी टाकी आणली, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन मासे सोडले. आठवडाभरात दोघंही गेले. पाणी तर आरशासारखं नितळ! मग झालं काय?

मासा पाण्यातच राहतो आणि पाण्यातच घाण करतो. त्यातून अमोनिया होतो. तो दिसत नाही, पण माशाला विषच. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच बरं का! दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य. माझ्या टाकीत हे सफाई कामगारच नव्हते.

त्यांचं घर म्हणजे ‘जिवंत दगड’. जिवंत दगड नसतो, त्याच्या छिद्रांतली वस्ती असते. पण समुद्रातून प्रवाळाचा दगड उचलायचा नाही हं! प्रवाळाला आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून या वेळी मी कोरडा सच्छिद्र दगड आणला. ओळखीच्यांच्या जुन्या टाकीतला एक तुकडा शेजारी ठेवला. चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं. ते कुजलं, अमोनिया चढला, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर यायला चार-सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. रोज पाणी तपासून आकडा वहीत लिहिते.

शेजारची मुलं विचारतात, “बाई, रिकामी टाकी काय बघता?”

मी म्हणते, “रिकामी कुठंय? कामगार आलेत की!”